जास्वंद पिवळी का पडते? कोरड्या उन्हाच्या भागात फुलझुडपे लावताना

एप्रिल संपत आला की मोबाईलवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. जास्वंदीची शेंड्याकडची पाने पिवळी पडलेली असतात, पण शिरा मात्र हिरव्या. कधी रुक्मिणीच्या (नर्सरीत तिला एक्झोरा म्हणतात) पानांच्या कडा करपलेल्या असतात, कधी अनंताच्या टपोऱ्या कळ्या उमलायच्या आधीच खाली पडलेल्या. सोबत बहुतेक एकच वाक्य असते, "पाणी तर रोज देतो, तरी असं का?"

या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. पण आधी एक गैरसमज दूर करू. ही झुडपे उष्ण प्रदेशातली आहेत, म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात ती आपोआप चांगली येतील असे आपण धरून चालतो. उष्ण प्रदेश दोन प्रकारचे असतात. कोकण, गोवा, केरळ येथे हवा उष्ण आणि दमट असते, माती लाल व आम्लधर्मी असते आणि पारा सहसा चाळिशीच्या आतच राहतो. रुक्मिणी मूळची याच पट्ट्यातली. अकोला, चंद्रपूर, नागपूर, परभणी येथे मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, दुपारची हवा अगदी कोरडी होते आणि जमीन काळी, चुनखडीयुक्त असते. म्हणजे झाडाला ऊन ओळखीचे आहे, पण कोरडी हवा आणि चुन्याची जमीन नवी आहे. बागेतले बहुतेक प्रश्न या दोन गोष्टींतून सुरू होतात.

पिवळेपणाचे मूळ जमिनीत

प्रथम पान नीट पाहा. खालची, जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता समजावी. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता. आपल्याकडे येणाऱ्या दहा फोटोंपैकी बरेचसे दुसऱ्या प्रकारचे असतात.

गंमत अशी, की काळ्या जमिनीत लोह नाही असे नसते. भरपूर असते. पण जमिनीचा सामू ८ च्या वर गेला की ते लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. त्यात रोज पाणी दिले की भर पडते. चुनखडीच्या ओल्या, हवा नसलेल्या मातीत बायकार्बोनेट वाढते आणि मुळांचे लोहाचे शोषण आणखी बिघडते. बोअरचे पाणी जड असेल, म्हणजे बादलीला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर धरत असेल, तर प्रत्येक पाण्याबरोबर थोडा चुना बागेत जातोच. मग पान पिवळे दिसते म्हणून आपण आणखी पाणी देतो, आणि चक्र सुरू राहते.

तुमच्या मातीत मोकळा चुना किती आहे हे नेमके माती परीक्षणातून कळेल. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर एक मूठ कोरडी माती बशीत घ्या आणि तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी भरपूर आहे. हे करून पाहायला पाच मिनिटे लागतात. रोप विकत घेण्याआधी करा, नंतर नको.

"गंधक टाकून सामू खाली आणू का?" हा पुढचा प्रश्न. थोडा हिशेब करू. ६० सेंमी लांब, रुंद आणि खोल अशा एका खड्ड्यात साधारण २८० किलो माती बसते. तिच्यात १० टक्के चुनखडी असेल तर ती झाली २८ किलो. ती पूर्ण संपवायला रासायनिक हिशेबाने सुमारे ९ किलो गंधक लागेल, तेही एका खड्ड्यासाठी, आणि तो परिणाम यायला कित्येक महिने जातील. शिवाय चहूबाजूंची माती चुन्याचीच राहणार. म्हणून मूठभर गंधकाने जमीन बदलेल ही आशा सोडावी. ज्यांच्या मातीत व्हिनेगर फसफसत नाही, फक्त सामू थोडा जास्त आहे, त्यांना गंधकाचा उपयोग होतो.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकण्याचेही तेच. चुनखडीच्या जमिनीत ते थोड्याच दिवसांत पुन्हा न मिळणाऱ्या रूपात जाते. जमिनीतून द्यायचेच असेल तर चिलेटेड लोह द्यावे, पण पाकिटावरचे नाव वाचून घ्या. ईडीटीए प्रकारातले लोह जास्त सामूच्या जमिनीत टिकत नाही. ते फवारणीला बरे. जमिनीतून देण्यासाठी ईडीडीएचए प्रकारातले घ्यावे. ते महाग आहे, पण सामू ८ च्या वर असतानाही टिकते. दुकानात दोन्ही "चिलेटेड लोह" म्हणूनच मिळतात आणि स्वस्त आहे म्हणून पहिलेच घेतले जाते.

तात्पुरता उपाय फवारणीचा. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व) मिसळून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारावे. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस थांबा, कारण कडक उन्हात पानांवर काळे डाग पडू शकतात. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या लागतात. आधीच पूर्ण पिवळी पडलेली पाने सगळी हिरवी होतीलच असे नाही. नवे पान हिरवे येते का, हे पाहावे.

शेतातले डीएपी उरले आहे म्हणून ते मूठमूठ जास्वंदीच्या बुंध्याशी टाकण्याची आपली सवय असते. कृपया टाळा. स्फुरद जास्त झाले की लोह आणि जस्ताचे शोषण अजून अडते. जास्वंदीला कुजलेले शेणखत, थोडे नत्र आणि पालाश पुरते.

खड्ड्याची चूक

यावर पुस्तकी उत्तर असे, की खड्डा काढा, काळी माती फेकून द्या आणि लाल माती भरा. अकोल्याजवळच्या आमच्या घरी मीही हेच केले होते. आईला पूजेसाठी दारात जास्वंद हवी होती. कृषीची पदवी हातात होती, त्यामुळे विचारायचे कोणाला? दोन-दोन फुटांचे सहा खड्डे काढले, ट्रॉलीभर लाल माती आणून भरली, जूनमध्ये रोपे लावली. जुलैपर्यंत ती जोमाने वाढली. ऑगस्टमध्ये पाच दिवसांची झड लागली आणि त्यानंतर एकेक झाड भर पावसात पाणी न मिळाल्यासारखे मान टाकू लागले. सहापैकी चार गेली. उपटून पाहिले तर मुळे काळी पडून कुजली होती.

झाले असे, की चिकण काळ्या मातीतला खड्डा म्हणजे हौद. आत भुसभुशीत लाल माती, बाजूला आणि तळाला पाणी न झिरपणारी काळी माती. अंगणातले सगळे पाणी त्या हौदात उतरून साचले. आईने तेव्हा काही बोलून दाखवले नाही, पण पुढच्या वर्षी उरलेल्या जागी तिने शेजारणीकडून आणलेली तगर लावली आणि ती आजही उभी आहे.

म्हणून भारी काळ्या जमिनीत खोल खड्ड्यापेक्षा उंचवटा करावा. जमीन टिकावाने एक वीत भुसभुशीत करून घ्यावी. तिच्यावर लाल माती किंवा पोयटा, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू यांचा ४० ते ४५ सेंमी उंच व किमान मीटरभर रुंद गादीवाफा तयार करावा. कडेला विटा किंवा दगड रचले तर माती वाहून जात नाही. पाणी बाहेर जायला खालच्या विटांमध्ये फटी ठेवा. दर वर्षी उंचवटा थोडा बसतो, तेव्हा पावसाळ्यापूर्वी वरून शेणखत घालावे. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत मात्र नेहमीसारखा खड्डा चालतो.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत करावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर्सरीत फुलांनी लगडलेली रोपे दिसतात आणि मोह होतो, पण त्यांना मूळ धरायला दोन महिनेही न मिळता उन्हाळा गाठतो. रोप शेडनेटखाली वाढलेले असते. घरी आणल्यावर १०-१५ दिवस सकाळचेच ऊन मिळेल अशा जागी ठेवून मग लावावे. पिशवी काढल्यावर गोळा पाहा. मुळे गोल गोल फिरलेली असतील तर बाजूंनी दोन-तीन ठिकाणी ब्लेडने उभ्या चिरा द्या. गोळा निव्वळ कोकोपीटचा असेल तर बाहेरचा थर हलक्या हाताने झाडून काढा. कोकोपीट एकदा पूर्ण वाळले की पाणी धरत नाही. भोवतीची माती ओली दिसते आणि आतले झाड तहानलेले राहते.

कोणते झुडूप कोठे

रुक्मिणी आणि अनंत यांचा हट्ट काळ्या, चुनखडीच्या जमिनीत धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आवडत असतील तर कुंडीत लावा. दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळ खत, एक भाग जाड वाळू. दुपारनंतर सावली येईल अशी पूर्वेकडची जागा द्या. जमले तर पावसाचे पाणी टाकीत साठवून तेच या दोन कुंड्यांना द्यावे. कोकणात, किंवा सह्याद्रीच्या लाल मातीत, हीच झाडे कुंपणालाही सहज येतात.

जास्वंदीत गावठी लाल, एकेरी पाकळ्यांची जात सगळ्यांत काटक. नर्सरीतल्या ताटाएवढ्या, दोन-तीन रंगांच्या संकरित जाती दिसायला देखण्या असल्या तरी कोरड्या उन्हात त्या सांभाळणे म्हणजे पाहुणा सांभाळणे. एखादी लावावी, ओळ लावू नये.

तगर आणि मोगरा या भागात भरवशाचे. मोगऱ्याचे तंत्र थोडे वेगळे आहे. थंडीत त्याला विश्रांती हवी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी तोडावे, डिसेंबरअखेर ते जानेवारीत छाटणी करावी, मग आळे खणून शेणखत देऊन पाणी सुरू करावे. मार्चपासून कळी धरते. वर्षभर सारखे पाणी मिळालेला मोगरा नुसताच पसरतो.

बोगनवेलीचेही थोडे असेच. ब्राझीलकडून आलेली ही वेल-झुडूप जात कोरडेपणात फुलते. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पाने असून खरे फूल त्यांच्या मधोमध, बारीक आणि पांढरट असते. "वेल भारी वाढली, पण रंगच नाही" अशी तक्रार असेल तर दोन गोष्टी तपासा, नत्र आणि पाणी. दोन्ही कमी करा. तिला भिंतीचा तापलेला पश्चिमेकडचा कोपरा द्यायला हरकत नाही. जेथे बाकीची झाडे भाजतात तेथे ती आणि कण्हेर टिकतात. महामार्गाच्या दुभाजकात हीच दोन झाडे इतकी का दिसतात ते यावरून लक्षात येईल.

पाण्याचा हिशेब आधी

किती झुडपे लावायची हे जागेवरून ठरवू नका, मे महिन्यातल्या पाण्यावरून ठरवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. विदर्भात मे महिन्यात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला १० मिमीच्या वर जाते. जास्वंदीसारख्या झुडपाची गरज त्याच्या साधारण ७० टक्के धरली, तर एक मीटर लांब-रुंद घेराच्या झाडाला दिवसाला ७-८ लिटर पाणी लागते. अशी वीस झाडे असतील तर रोजचे दीडशे लिटर, महिन्याला साडेचार हजार. ज्या गावात मेमध्ये टँकर येतो तेथे हा आकडा घरात भांडण लावू शकतो. अशा ठिकाणी दोन जास्वंदी, दोन-तीन मोगरे आणि बाकी बोगनवेल, तगर असा बेत करावा.

रोज वरवर पाणी शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी खोल पाणी द्यावे. हलक्या जमिनीत हे अंतर दोन दिवसांवर आणावे लागेल. पाणी देण्याआधी बोटभर खोल माती उकरून पाहा. ओल हाताला लागत असेल तर त्या दिवशी थांबा. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून घाबरू नका. संध्याकाळी ती सावरली तर मुळांशी ओल आहे. सकाळीही मलूलच असतील तर पाणी हवे आहे, किंवा मूळ कुजले आहे. दोन्हींत पान सारखेच दिसते, म्हणून माती उकरण्याला पर्याय नाही. ठिबक असेल तर ड्रीपर खोडाला चिकटून ठेवू नये. घेर वाढेल तसा तो बाहेर सरकवत न्यावा. आणि दुपारी उन्हात पडलेल्या पाइपमधले पहिले पाणी झाडाला देऊ नका, हात भाजेल इतके ते तापलेले असते.

न्हाणीघरातले पाणी चालेल का, असे विचारले जाते. अंघोळीचे पाणी आलटून पालटून चालते. कपड्यांच्या पावडरचे पाणी नको. त्यात सोडियम जास्त असते आणि काळी माती त्याने आणखी चोपण होते.

आच्छादनाने पाणी खूप वाचते. सोयाबीनचे कुटार, उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला, जे घरचे असेल ते ८ ते १० सेंमी जाड पसरावे, मात्र खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. वाळवीचा त्रास असलेल्या ठिकाणी पंधरवड्याने एकदा आच्छादन हलवून पाहावे.

कुंड्यांचे वेगळे पडते. काळ्या प्लास्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात ठेवली की बाजूची मुळे अक्षरशः शिजतात. लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत पाला भरला तरी बराच फरक पडतो.

छाटणी आणि कळीगळ

जास्वंद नव्या फुटीवर फुलते. त्यामुळे छाटणी हवीच, पण एप्रिल-मेमध्ये नको. सावलीत वाढलेल्या आतल्या फांद्या एकदम उघड्या पडून त्यांची साल भाजते. पहिला पाऊस झाल्यावर, जूनच्या मध्याच्या सुमारास एक तृतीयांश छाटावी. नवी फूट येऊन कळी धरायला साधारण दोन ते अडीच महिने जातात, म्हणजे गणपतीच्या सुमारास झाड फुलांवर येते. गणपतीच्या पंधरा दिवस आधी "झाड नीटनेटके करावे" म्हणून कात्री चालवली, तर सणात फुले विकतच आणावी लागतील.

मे महिन्यात काही कळ्या गळणारच. झाड आपले ओझे कमी करत असते. पश्चिमेकडून ५० टक्क्यांचे शेडनेट किंवा जुनी साडी बांधली तर गळ कमी होते. पावसाळ्यातही कळ्या गळत असतील, तर मात्र कळी फोडून पाहा आणि फुलकिडे व पिठ्या ढेकूण तपासा.

कपाशीच्या गावात जास्वंद

जास्वंद, भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. कपाशीवर येणारा पिठ्या ढेकूण जास्वंदीवर सुखाने राहतो आणि कपाशीचा हंगाम संपल्यावर अंगणातल्या झाडावर उन्हाळा काढतो. शेत घराला लागून असेल तर ही जास्वंद तुमच्या पुढच्या कपाशीसाठी किडीचे बेणे ठरू शकते. शेंडे आखडलेले, पांढरे पीठ लागलेले दिसले की ते कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत, उकिरड्यावर टाकू नयेत. मुंग्यांची रांग शोधून आधी ती तोडावी. मुंग्या या किडीची राखण करतात आणि तिची पिल्ले दुसऱ्या फांदीवर नेऊन सोडतात.

पाण्याचा जोरदार फवारा, नंतर ५ टक्के निंबोळी अर्क, एवढ्यावर बरेचदा भागते. पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ५ ग्रॅम प्रति लिटर फवारावे. कोरड्या मेमध्ये या बुरशीचा उपयोग होत नाही. काही ढेकूण तपकिरी, कडक, फुगीर झालेले दिसले तर थांबा. त्यांच्यात परोपजीवी गांधीलमाशीची अळी आहे आणि ती तुमचे काम फुकटात करते आहे. तिच्यावर रासायनिक औषध मारू नका. अंगणातल्या फुलांना शेतातली आंतरप्रवाही कीटकनाशके मुळीच मारू नयेत. ती फुले पूजेत हाताळली जातात, तेलात उकळली जातात, लहान मुले तोंडात घालतात.

आणि पंप तपासा. गेल्या काही वर्षांत जास्वंद "आजारी" पडल्याच्या ज्या तक्रारी मी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या, त्यांतल्या काहींत पाने अरुंद, पंज्यासारखी, भेंडीच्या पानागत झालेली होती. रोग नव्हता. २,४-डी हे तणनाशक फवारलेला पंप नुसता विसळून त्याच पंपाने झाडावर टॉनिक मारले होते. या कुळातल्या झाडांना त्या औषधाचा अंशही पुरतो. बागेसाठी वेगळा लहान पंप ठेवावा.

कण्हेर लावण्यापूर्वी

कण्हेर कमी पाण्यात, कोणत्याही जमिनीत, कडक उन्हात फुलते. तरीही गोठा असलेल्या घरात ती लावताना मी दोनदा विचार करायला सांगतो. तिची पाने, साल, फुले, सगळे विषारी आहे आणि पाने वाळल्यावरही विष जात नाही. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर अत्यंत घातक. उभे झाड जनावर सहसा तोंडात धरत नाही. धोका असतो तो छाटणीच्या दिवशी. कापलेल्या फांद्या बांधावर टाकल्या, शेळ्या तिकडे गेल्या किंवा वाळलेली पाने कडब्यात मिसळली, की जनावर जाते. छाटणी केली की सगळा पाला मोजून गोळा करा आणि खोल पुरा. जाळू नका, त्याचा धूरही बाधतो. फांद्या जनावराच्या खुंट्याला किंवा भाजी परतायच्या काडीलाही वापरू नयेत.

जनावराने कण्हेर खाल्ल्याची शंका आली, ते सुस्त होऊन लाळ गाळू लागले, जुलाब सुरू झाले, तर ताक-गूळ पाजत बसू नका. विष हृदयावर काम करते. पशुवैद्यकाला लगेच बोलवा आणि खाल्लेल्या पाल्यातली एक फांदी दाखवायला जवळ ठेवा. मुलाने बिट्टीची बी तोंडात घातली असेल तर उलटीची वाट न पाहता, बी सोबत घेऊन, सरळ दवाखाना गाठा.